पाटी दिसली की दुकान

घर सोयरिकीच्या वेळी मोठं असतं आणि मोजणीच्या वेळी लहान. नगरपरिषदेच्या घरपट्टी विभागात सगळी नोकरी काढून मी शिकलो ते एवढंच. पाहुणे मुलगी बघायला आले की जो माणूस "माडीसकट आठ खोल्या हायत" म्हणून मिशीवर हात फिरवतो, तोच माणूस आम्ही टेप घेऊन दारात उभे राहिलो की म्हणतो, "घर कुठलं साहेब, खोपटं हाय. आमी तर भाईरच झोपतो."

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही हकिकत. गावाचं नाव लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे. मला अजून तिथंच राहायचंय आणि नळाचं पाणी त्याच नगरपरिषदेचं येतं, कधीमधी का होईना.

मी उत्तम सोपान साळवे, बी.ए. वशिल्यानं नव्हे, परीक्षा देऊन लिपिक म्हणून लागलो आणि कर निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी सांगतोच. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी पानं उलटावीत, पुढं पाककृती आहेत.

आमचा धंदा गावाला कधी नीट कळला नाही. ज्यांना कळला त्यांनी तो दुसऱ्याला कळू दिला नाही. आता निवृत्त झालोय, तेव्हा सांगायला हरकत नाही. दर चार वर्षांनी गावातल्या घरांची नव्यानं आकारणी करायची असते. लांबी-रुंदी मोजायची. वर स्लॅब आहे, पत्रा आहे की मातीचं माळवद, ते लिहायचं. आणि शेवटचा रकाना वापराचा: निवासी की बिगरनिवासी, म्हणजे राहायला की धंद्याला. यावरून हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाचं भाडं किती आलं असतं, याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर कर बसवायचा. दिलेलं नसलं तरी. न आलेल्या भाड्यावर आलेला कर, असं म्हणा. हे समजावून सांगताना लोक माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचे, ती नजर मी पगाराचा भाग समजत असे.

धंद्याचा दर राहण्याच्या दरापेक्षा जड. त्यामुळे सगळी मारामारी त्या शेवटच्या रकान्यावर. एकानं नव्या कोऱ्या गाळ्यात शेळी बांधली आणि "हा गोठा हाय" म्हणून शपथ घेतली. शेळीनं शटरचं ग्रीस चाटून ठेवलं होतं, बिचारीची जीभ काळी झाली होती. दुसऱ्या एकानं आम्ही येणार कळल्यावर मधल्या खोलीत सासूला आडवं झोपवलं. "बेजार हाय, वलांडू नका, पाप लागंल." टेप काही पलीकडं जाईना. आम्ही अर्धी खोली मोजली आणि निघालो, तर मागून सासूचा आवाज आला, "गेले का रं मेले? उठू का?"

आता मोजायला आम्ही तिघं, गाव केवढं, आणि प्रत्येक दारात असं नाटक. अशा वेळी माझ्या डोक्यात ती कल्पना आली. माणूस खोटं बोलतो, पाटी बोलत नाही. धंदा करणाऱ्याला पाटी लावावीच लागते. न लावून सांगतो कुणाला? मी एक टिपणी लिहून मुख्याधिकाऱ्यांपुढं ठेवली. शब्द अजून पाठ आहेत: "ज्या इमारतीच्या दर्शनी भागी नाव, व्यवसाय अथवा पदवी दर्शविणारी पाटी असेल, ती इमारत बिगरनिवासी समजण्यात यावी. मालकाने पाटी काढल्यास निवासी धरण्यास हरकत नाही."

साहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "साळवे, शिक्षणाचा फायदा दिसतोय." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. कचेरीत त्या टिपणीचं छोटं नाव पडलं: पाटी दिसली की दुकान. नवा लिपिक आला की मी आधी त्याला हे वाक्य शिकवायचो, मग मस्टर कुठं असतं ते.

आता त्या नियमानं काय केलं, ते ऐका. पहिल्या आकारणीत आम्ही निम्मा बाजार पकडला. पुढच्या आकारणीपर्यंत गावातल्या पाट्याच गेल्या. मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरची पाटी उतरली आणि तिथं "मातोश्री" आलं; घराचं नाव नियमात बसत नव्हतं. पेशंटला काही फरक पडला नाही. बाहेर चपलांचा ढीग दिसला की कळायचं. स्टँडजवळच्या लॉजवरची पाटी उतरली. लॉज पूर्वीसारखंच भरत राहिलं आणि आमच्या रजिस्टरात "निवासी" झालं. थोडक्यात, ज्यांचा धंदा जोरात त्यांना पाटीची गरज नव्हती. पाटी लागायची ती टपरीवाल्याला, शिवणकामवालीला, नव्यानं काही सुरू करणाऱ्याला. माझ्या जाळ्यातून मगरी निसटत होत्या आणि मी चिंगळ्या मोजून शाबासकी घेत होतो.

त्यातून आणखी एक पळवाट निघाली, तीही माझ्याच टेबलावर. लॉजचे मालक भाऊसाहेब चहा घेत घेत म्हणाले, "साळवे, पाटी काढायचीच असंल तर किती दिस काढायची?" मी म्हणालो, "पाहणी होईपर्यंत. आठ दिवस काढा, आमची माणसं बघून जातील, मग तुम्ही मोकळे." ते हसले. मीही हसलो. पुढं ज्यानं ज्यानं चहा पाजला, त्याला त्याला मी हे आठ दिवस सांगितले. पैसा कधी घेतला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. पण चहा पाजणारा आणि न पाजणारा यांत मी फरक केला, हेही त्याच छातीवर हात ठेवून सांगावं लागतं.

शेवंताबाईंनी चहा पाजला नाही. आमच्या कचेरीसमोर चहा किती घाण मिळतो, हेही त्यांना माहीत नसावं. त्यांचा नवरा रुस्तुम घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो रस्त्याकडं पाठ करून बसे, आणि दारावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली लाकडी पाटी होती: "रुस्तुम. येथे घड्याळे चालू करून मिळतील." तो वारला. वर्षभरानं आकारणी झाली आणि बाईंना दुकानाच्या दरानं नोटीस गेली. त्या हरकतीचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, मी शेंगा फोडाया जाते मोंढ्यात. आन् तुमी मला दुकानदार केलं."

"पाटी आहे ना दारावर?"

"हाय."

"मग?"

"मंग काय? पाटी हाय, मानूस न्हाई. पाटी काय घड्याळं दुरुस्त करती का?"

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. मी गंभीर राहिलो. म्हणालो, "बाई, पाटी काढा, लगेच निवासी करतो."

"ऱ्हाऊ द्या की साहेब. त्येंच्या हातची हाय. मी लिंबागणेशाची हाय, आमच्या गावच्या गणपतीवर हात ठिवून सांगते, घरात एक बी घड्याळ चालू न्हाई."

"नियम आहे, बाई."

"कुनी केला ह्यो नियम?"

मी खुर्चीत ताठ झालो आणि म्हणालो, "मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अर्जाची घडी करून निघाल्या. दोन दिवसांनी पुन्हा आल्या. काखेत पाटी, पदरात गुंडाळलेली. ती त्यांनी माझ्या टेबलावर, शाईच्या पॅडशेजारी ठेवली. खिळ्यांच्या जागी लाकूड सोललेलं होतं.

"घ्या. जमा करून घ्या आन् पावती द्या."

सगळी कचेरी हसली. मी म्हणालो, "पाटीची पावती नसते, बाई. घरी न्या."

"कावून? रुपाया भरला तरी पावती देता. ही तर आख्खी पाटी दिली."

त्यांचं घर त्याच दिवशी निवासी झालं. काम चोख झालं म्हणून मी खूश. पुढं किती वर्षं तरी हा किस्सा मी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, नारायणगडाच्या यात्रेत भेटलेल्या परक्या माणसांनासुद्धा सांगितला. लोक पोट धरून हसायचे. "पाटीची पावती!" आठ दिवसांची युक्ती शेवंताबाईंना सांगायला मी विसरलो होतो, असं मी स्वतःला नंतर समजावलं. पण विसरायला आधी सुचावं लागतं. मला सुचलंच नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या पाटीकडं येतो.

माझे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल. पाठीवर पोतं आणि खांद्यावर आकडा, एवढीच त्यांची हत्यारं. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या घराला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. वडिलांनी आधी दार करायला पाहिजे होतं. त्यांनी आधी पाटी केली. ट्रकच्या मागं नावं रंगवणाऱ्या पेंटरला धरून आणलं, पत्र्याला निळा रंग मारायला लावला आणि सांगितलं, "नाव बारीक लिव्ह. नाव काय, समद्यालाच असतंय. ते फुडचं मोठं लिव्ह."

म्हणून आमच्या पाटीवर "उत्तम सोपान साळवे" हे शोधावं लागतं आणि "बी.ए." चौकातून दिसतं, ट्रकवर असते तशी अक्षरांना लाल सावली सोडलेली. वडिलांना वाचता येत नव्हतं. मोंढ्यात जाण्याआधी ते खांद्यावरच्या टॉवेलनं पाटी पुसायचे आणि "बी.ए."वर बोट फिरवायचे. दोन अक्षरं आणि दोन ठिपके. त्या बोटानं त्यांना काय वाचता येत होतं, ते मला बी.ए. होऊनही वाचता आलं नाही.

पुढं दार झालं, भिंती झाल्या, परळीच्या राखेच्या विटांची वरची खोली झाली. पाटी तीच. मी नोकरीत असेपर्यंत तिला दुकान म्हणायची कुणाची छाती झाली नाही, आणि मी स्वतः तिच्याकडं त्या नजरेनं कधी बघितलं नाही. खाली जागा होती म्हणून त्याच पेंटरकडून बायकोचं नाव चढलं: सौ. सुनंदा, डी.एड. मग मुलीचं: अ‍ॅड. अस्मिता, बी.ए., एलएल.बी. मुलगी नागपूरला असते, दिवाळीला येते. पण तिची पदवी बारा महिने इथं असते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी नवी आकारणी आली. आता टेप नाही. एका एजन्सीला काम दिलेलं. एक मुलगी मोबाइल घेऊन आली, गाडीवरून न उतरता आमच्या दाराचा फोटो काढला आणि गेली. सुनंदा पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी कोपऱ्यावर. महिन्याभरात नोटीस आली. वापर: बिगरनिवासी. शेरा: वकील कार्यालय.

सुनंदानं नोटीस दोनदा वाचली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, चूक दिसली की तिचा आवाज बारीक होतो.

"म्हणजे आपलं घर दुकान झालं."

"कागदावर."

"तुमच्याच नियमानं."

"हो."

"मग काय विकतो आपण?"

मी नोटीस तिच्या हातातून घेतली.

"मी सांगते काय विकलं," ती म्हणाली. "अक्कल. आणि ती पण चहावर."

घरपट्टी भरणं जड होतं असं नाही. दोघांची पेन्शन आहे. पण ती तशी भरली असती तर कागदावर कायमचं लिहिलं गेलं असतं की ती पाटी धंद्याची आहे. आणि न भरायची तर पाटी उतरवायला लागणार. माझ्यापुढं प्रश्न एवढाच होता: ती पाटी तिथं राहणार की नाही, आणि राहिली तर काय म्हणून. मुदतीत हरकत घेतली.

सुनावणीला बाहेरगावचे एक अधिकारी आले होते. त्यांच्या शेजारी कर निरीक्षक म्हणून बालाजी. बालाजीला मीच शिकवलेलं. मला बघून तो अर्धा उठला, मग खुर्चीची आठवण येऊन परत बसला.

"सर, काय करता? सोपं हाय. पाटी काढा, आजच निवासी."

"पाटी निघणार नाही, बालाजी. आत येऊन बघ. कपाटं आहेत, पलंग आहे, तुझ्या काकूचा झोपाळा आहे. अशील कुठं बसवणार, झोपाळ्यावर?"

"सर, आत बघायचं न्हाई. तुमीच शिकीवलं, माणसाला इचारू नको, पाटी वाच." त्यानं टेबलावरची काच उचलली आणि खालून एक कागद काढला. पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. "साहेब, ही टिपणी. आजून ह्याच्यावरच चालतंय समदं. 'नाव, व्यवसाय अथवा पदवी दर्शविणारी पाटी'. पदवी हाय का न्हाई, सर?"

अधिकाऱ्यांनी कागद हातात घेतला. "भाषा चांगली आहे. हे यू. एस. साळवे कोण?"

"हेच की, साहेब."

अधिकाऱ्यांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हरकत फेटाळली. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. खरं सांगायचं तर मी त्यांच्या जागी होतो तेव्हा तेच केलं होतं.

राहिली अपील समिती. वाचकांपैकी कुणावर ही वेळ आली तर एक फुकटचा सल्ला देतो. अपिलात रडू नये. आजारपण, मुलीचं लग्न, देवाधर्माची शपथ यांतलं काही लिहू नये. समितीतली माणसं ते रोज ऐकतात आणि त्यात त्यांची झोप पुरी होते. आदेशात काय चूक आहे ते एका वाक्यात लिहावं. प्रत्येक खोलीचा फोटो जोडावा. घरगुती दराचं लाइटबिल जोडावं. शेजाऱ्याचा जबाब जोडावा, भांडण नसलेल्या शेजाऱ्याचा. आणि जागेवर येऊन पाहणी करा, असं लेखी मागावं. पाहणीला कुणी येत नाही. पण मागितलेली पाहणी केली नाही, हे कागदावर राहतं आणि कागदाला ते सगळे भितात. इतकं सगळं मी स्वतः केलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जात खोट काढणाऱ्याला स्वतःचा अर्ज लिहायला चार दिवस लागले.

समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत कोण असावं? लॉजचे भाऊसाहेब. आता नगरसेवक. मी आत गेलो तर ते मोठ्यांदा म्हणाले, "या, या, साळवे. तुमीच का? आमाला वाटलं, कोन वकील आला!"

सगळे हसले. बालाजी हसला नाही, त्यानं खाली बघितलं. भाऊसाहेबांनी माझं अपील हातात घेतलं, जाडी बघितली आणि वाचल्याशिवाय खाली ठेवलं.

"कशाला येवढा कागद घालवला? आठ दिस काढून ठिवा पाटी, पाहणी हू द्या, परत लावा. तुमीच तर सांगितलतं आमाला! आमाला तर परत लावायची बी गरज पडली न्हाई. आमच्या लॉजवर बघा, हाय का पाटी?"

त्यांना स्वतःलाही कळलं नसावं काय बोललो ते. मी म्हणालो, "भाऊसाहेब, बरोबर बोललात. तुमच्याकडं पाटी नाही आणि धंदा आहे. माझ्याकडं पाटी आहे आणि धंदा नाही. म्हणजे पाटीवरून काहीच कळत नाही. एवढंच माझं अपील आहे. हे वाक्य इतिवृत्तात घ्या."

"इतिवृत्तात कशाला? आपन घरातलीच मानसं."

"मी माझ्या घरातलं बोलायला आलोय. ते दुकान आहे म्हणता तुम्ही."

भाऊसाहेबांचा चेहरा जरा आखडला. मग त्यांना सुटका दिसली. "बरं. पर टिपणी तर तुमचीच हाय का न्हाई? तुमचाच नियम तुमीच चूक म्हनता? मंग तसं लेखी द्या. आपल्या सहीनं. इथंच, आत्ता."

त्यांना वाटलं, साळवे लिहिणार नाही. त्यांचा अंदाज वाईट नव्हता. मला ते नोकरीभर ओळखत होते. त्या टिपणीवर मला शाबासकी मिळाली होती, बढतीच्या वेळी तिची नक्कल जोडली होती. माझ्या नोकरीत माझं म्हणून काही उरलं असेल तर ते तेवढं एक वाक्य. आणि तिकडं दारावर वडिलांची दोन अक्षरं. दोन्हींतलं एक खाली यायचं होतं.

बालाजीनं न मागता कोरा कागद पुढं सरकवला. मी लिहिलं: "पाटीवरून वापर ठरवण्याबाबतची टिपणी मी लिहिली होती. ती चुकीची होती. घराचा वापर आत जाऊन बघावा लागतो. ते कष्टाचं काम आहे, म्हणून मी ते टाळलं." सही केली. सहीपुढं बी.ए. लिहायची माझी सवय. त्या दिवशी हात थांबला, मग लिहिलं. चूक कबूल करायलाही शिकलेलाच माणूस लागतो, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

पंधरवड्यानं आदेश आला. मोठ्या आशेनं उघडला. घर निवासी. पाटी जागेवर. आणि खाली शेवटची ओळ: "सदर निर्णय खास बाब म्हणून घेण्यात आला असून तो इतर प्रकरणी पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये." माझ्या कबुलीजबाबाचा उल्लेख नाही. लॉजचा तर नाहीच. नियम जसाच्या तसा जिवंत, फक्त मला त्यातून वगळलेलं. मी मोठा झालो होतो. मला भाऊसाहेबांच्या रांगेत बसवलं होतं.

सुनंदानं आदेश वाचला आणि म्हणाली, "झालं? जिंकलात?"

"हो."

"मग तोंड असं काय?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती आत गेली, हातोडी आणि खिळ्यांची पुडी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. पाटीच्या पावतीचा किस्सा तिनंही पन्नास वेळा ऐकला होता. पंगतीत सगळे हसायचे तेव्हा ती वाढायला उठून जायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शेवंताबाई आता म्हाताऱ्या झाल्यात. कानानं कमी, नजर पूर्वीचीच. मी दारात उभा राहिलो तर त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "घरपट्टीवाले न्हवं का तुमी? भरलीय मी औंदाची."

"भरलेली आहे, बाई. मी त्यासाठी नाही आलो. ती पाटी आहे का अजून?"

"हाय की. कुटं जाती?"

स्वयंपाकघरात नेलं. पाण्याच्या माठाखालच्या दगडांवर ती आडवी टाकलेली होती, अक्षरं वर. माठ उचलला तर मधोमध गोल डाग पडलेला. "चालू करून" एवढं त्या गोलात पार पुसलं होतं. बाकीचं वाचता येत होतं.

"परत लावतो," मी म्हणालो.

"आन् मंग तुमी दुकानाची नोटीस धाडनार."

"धाडतील. धाडू द्या. तुमचा अर्ज मी लिहीन. अपीलही मी लिहीन. पाहणीला आत यायला लावीन त्यांना."

"तुमी लिव्हनार?" त्या हसल्या. दात कमी राहिलेत. "तुमी लिव्हल्यामुळंच तर निघाली हुती."

चौकटीवर जुन्या खिळ्यांची भोकं होती, चुन्यानं बुजलेली. स्टुलावर चढून ती उकरली, पाटी धरली आणि ठोकायला लागलो. माझा हात टेपला सरावलेला, हातोडीला नाही. एक खिळा वाकला. बाई खाली उभ्या राहून "डावीकडं घ्या, अजून, लई झालं" म्हणत होत्या. पाटी लागली. जरा तिरपी.

खाली उतरल्यावर ते सांगितलं, जे तेव्हा सांगायचं होतं. "बाई, ती फक्त आठ दिवस काढायची होती. पाहणी झाली की परत लावता आली असती. बाकीच्यांना मी सांगितलं होतं. तुम्हाला नाही सांगितलं."

त्यांनी ऐकलं की नाही, कळेना. कान पुढं केला. मी परत मोठ्यानं सांगितलं. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, तिनंही ऐकलं. बरंच झालं.

शेवंताबाई वर पाटीकडं बघत म्हणाल्या, "आठ दिस? लई लांबले की साहेब तुमचे आठ दिस."

मग हात पुढं केला. "पावती द्या."

मी खिशातून डायरी काढली, एक पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: "श्रीमती शेवंताबाई रुस्तुम यांच्याकडून जमा झालेली पाटी, नग एक, परत केली." तारीख घातली. सही केली. बाईंनी ते पान उलटसुलट बघितलं, आत गेल्या आणि भिंतीवरच्या तारेत, घरपट्टीच्या सगळ्या पावत्यांच्या वर, नीट खोचून आल्या.